आरसी विमानाचा प्लॅन आणि किट: १६,९५० चा चुना कसा लागला

लिहू की नको असं तीन आठवडे चाललंय, कारण लिहिलं की पहिला प्रश्न "एवढी वर्षं विमानं बनवतोस आणि तरी?" हाच येणार. तर हो, तरी. नऊ वर्षं प्लॅनवरून, म्हणजे कागदावरच्या आराखड्यावरून, आरसी (रिमोट कंट्रोलची) विमानं बनवतोय, बाल्सा या हलक्या लाकडाची प्रत्येक फळी वजन करून निवडतो, आणि तरी १६,९५० घालवले. हिशोब आधीच देतो म्हणजे कोणी खोदून विचारायला नको: प्लॅनचे २,४००, किटचे ९,८००, बॅटरीच्या नावाने ३,२५० आणि शेवटी "रीपॅकिंग"चे १,५००. त्यातले १,५०० सगळ्यात जास्त झोंबतात.

विकणाऱ्याच्या जाहिरातीतली योजना नेहमीचीच. १२०० मिमी विंगस्पॅनचं (पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत) हाय-विंग ट्रेनर, म्हणजे वर पंख असलेलं शिकाऊ विमान, "स्वतः डिझाईन केलेलं", सोबत उड्डाणाचा झकास व्हिडिओ, अलगद लँडिंग वगैरे. आधी पीडीएफ प्लॅन घ्या, आवडला तर लेझर कट किट, मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), बॅटरी सगळं एकत्र, ग्रुप ऑर्डरमध्ये सहाच सेट शिल्लक. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मला लेझर कटचा मोह पडला हे कबूल. ६० मिमी अंतराने रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) म्हटल्या की १२०० मिमीच्या पंखाला २१ रिब्ज लागतात, आणि ब्लेडने २१ सारख्या रिब्ज कापणं माझ्या डोळ्यांना आता झेपत नाही. यात मूर्खपणा काय आहे?

मूर्खपणा पुढे आहे.

२,४०० भरले, पीडीएफ आली, मी १४ पानं छापून चिकटवली आणि स्टीलची पट्टी घेऊन बसलो. अर्धा पंख ६०० मिमी हवा, भरला ५५२. मला वाटलं छापताना गडबड झाली असेल, आपल्या सगळ्यांचं कधी ना कधी होतं, प्रिंटर पानात बसवायला चित्र बारीक करतो. पण तसं झालं तर सगळ्याच दिशांनी सारखं बारीक होतं ना! इथे कॉर्ड, म्हणजे पंखाची पुढून मागपर्यंतची रुंदी, मोजली तर बरोबर २०० मिमी. मग विमान बाजूने दाखवणाऱ्या आकृतीत चाकावर कंपास ठेवला, तर तो बसेचना. उंची ६०, रुंदी ५५. चाक अंडाकृती! याचा अर्थ एकच होतो, कोणाचा तरी जुना प्लॅन स्कॅन करून, खालची नावाची चौकट पुसून, पानात बसवायला आडवा दाबलाय. ज्याने खरंच हे विमान काढलं असेल त्याच्या फाईलमध्ये वर्तुळ हे वर्तुळच असणार. हे मला त्या रात्री टेबलावर कळलं होतं. नंतर नाही, त्याच रात्री, हातात कंपास असताना.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. सीजीची, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो त्या गुरुत्वमध्याची, खूण लीडिंग एजपासून (पंखाच्या पुढच्या कडेपासून) १०४ मिमीवर. २०० च्या कॉर्डवर! साध्या ट्रेनरचा सीजी कॉर्डच्या २५ ते ३३ टक्क्यांत ठेवतात, म्हणजे ५० ते ६६ मिमी, हे शेंबडं पोरही सांगेल. १०४ वर ठेवलं तर शेपूट जड, हातातून सुटलं की नाक वर करून तिथेच लोळण. या प्लॅनवरून कधीच काही उडालेलं नाही हे कागद ओरडून सांगत होता, आणि मी काय केलं? त्यालाच मेसेज केला, की दादा, सीजी चुकलाय का?

पाच मिनिटांत उत्तर. "सर, तुमची नजर मानली. आजवर कोणीच पकडलं नव्हतं. बरोबर जागा तुम्हीच सांगा, पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव टाकतो." झालं. मी छाती फुगवून ६० मिमीवर खूण केलेला फोटो पाठवला, वर अर्धं पान समजावून सांगितलं. अंडाकृती चाकाबद्दल तो म्हणाला प्रिंटरचं सेटिंग बघा, आणि मी बरं म्हटलं! ते होऊ शकत नाही हे माहीत असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी ९,८०० पाठवले. पैशासाठी नाही, नावासाठी फसलो, लिहायला लाज वाटते पण खरं आहे. तुमची चूक काढल्यावर कोणी भांडण्याऐवजी ओवाळायला लागला तर पाकीट आधी खिशात ठेवा.

वजनाचंही तसंच. त्याने उड्डाणाचं वजन ४२० ग्रॅम दिलं होतं. ३एस (तीन सेलची) २२०० एमएएचची बॅटरीच १८० च्या आसपास, मोटर ५२, ईएससी २८, नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो ३६, रिसीव्हर १४. झाले ३१०. उरलेल्या ११० ग्रॅममध्ये पंख, फ्यूजलाज (धड), लँडिंग गिअर (चाकं), फिल्म (वरचं प्लास्टिकचं आवरण), गोंद, सगळं? ही बेरीज मी पैसे गेल्यावर केली. तुम्ही आधी करा, दोन मिनिटं लागतात.

मग बॅटरीचं नाटक. लिपो, म्हणजे लिथियम-आयन बॅटरीचाच एक प्रकार, धोकादायक माल म्हणून मोजतात, विमानाने पाठवायला नियम कडक आहेत, हे खरंच आहे, सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून कार्गो म्हणून न्यायला २०१६ पासून बंदी आहे. त्याने याच खऱ्या गोष्टीला शेपूट जोडलं, की परवानगीसाठी ३,२५० डिपॉझिट, परत मिळणारं. मग "पॅकिंग नापास झालं" म्हणून १,५००. तेव्हा बायको म्हणाली, बॅटरी नकोच म्हणा, बाकीचं पाठवू दे. इतकं साधं. मला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणण्यापेक्षा, १५,४५० अडकलेले असताना वर १,५०० टाकून सुटू असं वाटलं. ट्रॅकिंग नंबर आला, तो दुसऱ्याच कोणाच्या पार्सलचा निघाला, आणि मग त्याचा फोन नंबरच बंद.

आता मदत करणाऱ्यांची गोष्ट ऐका. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, आधी पोलिसांची पोच आणा. पोलीस म्हणाले, आधी बँकेचं पत्र आणा. दोन चकरा यातच. मग फॉर्ममध्ये वस्तूचा प्रकार निवडायचा, त्यात मॉडेल विमान कुठून असणार, साहेबांनी लिहिलं "खेळण्यातले विमान". म्हटलं साहेब, खेळणं नाही. तर मान वर करून विचारतात, मग ड्रोन आहे का? परवाना आहे का तुमच्याकडे? कुठे उडवता? अहो, जे विमान आलंच नाही ते उडवतो कुठे हे मी काय सांगू! वीस मिनिटं मीच आरोपी. प्लॅनचे कागद, कंपास सगळं घेऊन गेलो होतो, वर्तुळाचं दाखवायला लागलो तर शेजारचा हवालदार हसला. चॅट, खाते क्रमांक, चारही व्यवहारांचे नंबर दिले, त्यानंतर पाच वेळा फोन केला, पाचही वेळा "प्रक्रियेत आहे". खातं तेव्हाच गोठवलं असतं तर काहीतरी हाती लागलं असतं. निदान पुढचा तरी वाचला असता.

व्हिडिओवर विश्वास ठेवू नका. फिल्म चढवायच्या आधीच्या सांगाड्याचा फोटो मागा, त्यावर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. ज्याने बनवलंय त्याच्याकडे असे पन्नास फोटो पडलेले असतात, आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत.

परवा तीच जाहिरात नव्या नावाने दिसली. तेच विमान, तोच व्हिडिओ, नमुन्याचं पान जोडलेलं. उघडून बघितलं तर सीजीची खूण आता ६० मिमीवर आहे, शेजारी मी लिहिलेलंच वाक्य टाईप केलंय, माझं नाव अर्थातच नाही. त्यामुळे सीजी बघून ओळखता येणार नाही आता, ती सोय मीच घालवली. चाकावर कंपास ठेवा, ते अजून अंडाकृतीच आहे.