रत्नागिरीत पोरांसाठी मेस शोधत असाल तर काकूंची खानावळ बघाच

साळवी स्टॉपच्या आतल्या गल्लीत एका घराच्या पडवीत ही खानावळ चालते, बाहेर बोर्ड वगैरे काही नाही, दुपारी साडेबाराला दारात चपलांचा ढीग दिसला की समजायचं पोचलो. जेवणाऱ्यांत बहुतेक कॉलेजची पोरं. चवीला उत्तम आहेच, पण मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मला या ताटाबद्दल वेगळ्या कारणासाठी लिहायचंय. हल्ली अठरा-वीस वर्षांची मुलं-मुली येतात, पाठ दुखते, पोटऱ्या भरून येतात, जिना चढताना मांड्यांत जोर वाटत नाही, आणि डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं की बऱ्याच जणांचं व्हिटॅमिन डी कमी निघतं, म्हणजे हाडांना लागणारं कॅल्शियम शोषायला अडचण. खरं तर हेच वय हाडं भरायचं. मुलींमध्ये साधारण १८ पर्यंत आणि मुलांमध्ये २० पर्यंत हाडांची जवळजवळ ९० टक्के भर पूर्ण होते, तिशीनंतर जे जमा झालंय तेच सांभाळायचं असतं. आणि नेमकी हीच वर्षं पोरं घर सोडून रूमवर राहतात आणि वडापाव-नूडल्सवर काढतात.

तर काकूंच्या ताटातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मांदेली. रवा लावून एकदम कुरकुरीत तळलेली, काट्यासकट चावून खायची. कोणी काटा काढत बसलं की काकू लांबूनच ओरडतात, "अरे चावून खा रे, तोच तर खायचाय!" अगदी बरोबर बोलतात. माशातलं कॅल्शियम काट्यात असतं, मांसात फार नसतं. त्यामुळे पर्यटकांच्या हॉटेलात चारपाचशे रुपयांची सुरमई थाळी खाल्ली तरी प्रोटीन छान मिळतं पण हाडांच्या नावाने फारसं काही नाही, कारण काटा आपण ताटाच्या कडेला ठेवतो. मांदेली, बारीक तारली, जवळा हे स्वस्तातले मासे मात्र अख्खे पोटात जातात, आणि तारलीत तर थोडं व्हिटॅमिन डी पण असतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा काकू सुका जवळा कांद्यावर परतून देतात, वरून कोकम. भाकरीबरोबर तो खाताना मला माझ्या आजीचं घर आठवतं, दुसरं काय सांगू.

भाकरी तांदळाची असते पण बुधवार-शनिवार नाचणीची मिळते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलीग्राम कॅल्शियम, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्या खाल्ल्या तरी तेवढं पोटात गेलं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० मध्ये १६ ते १८ वयाला रोजचं १०५० मिलीग्राम सांगितलंय आणि मोठ्यांना १०००, त्यातला तिसरा हिस्सा एका जेवणात! नाचणीतलं सगळं कॅल्शियम अंगाला लागत नाही हे खरं, धान्यातलं फायटेट कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून आड येतं, पण आंबवल्यावर हे फायटेट कमी होतं. म्हणून उन्हाळ्यात काकू ताक घालून नाचणीची आंबील देतात ती सोडू नका. सोमवारी शाकाहारी, तेव्हा कुळथाची पिठी आणि कधी शेवग्याच्या पाल्याची भाजी, दोन्ही कॅल्शियमला चांगल्या. तिळाची चटणी रोज असते, पण पोरं ती ताटात तशीच टाकून जातात, बघून जीव तुटतो.

आता जे आवडलं नाही ते. ताक फक्त दुपारी, रात्री नाही, रात्री दिलं तर काय बिघडतं? सोलकढी मात्र दोन्ही वेळा, आणि पांढरट दिसते म्हणून पोरांना वाटतं दुधासारखीच पौष्टिक. नारळाच्या दुधात कॅल्शियम नावापुरतंच, पचायला छान आहे म्हणून प्या, ताकाच्या बदल्यात नको. दुसरं म्हणजे जेवण संपतं न संपतं तोच चहा येतो. मला काकूंना सांगायचंय की निदान तासभर तरी थांबा, चहाने जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही आणि या वयाच्या मुलींना त्याचीही गरज असते.

एक गोष्ट मात्र कुठलीच खानावळ देऊ शकत नाही ती म्हणजे पुरेसं व्हिटॅमिन डी. समुद्राकाठी राहतो म्हणजे ऊन भरपूर असं सगळे धरून चालतात, पण पोरं भाट्याच्या किनाऱ्यावर जातात सूर्य बुडताना. त्या तिरप्या उन्हात यूव्हीबी नावाचे अतिनील किरण जवळजवळ नसतात आणि आपल्या त्वचेत डी त्याच किरणांनी बनतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ते ऊन कामाचं, हातपाय थोडा वेळ उघडे ठेवून, काचेच्या खिडकीत बसून नाही. पावसाळ्यात चार महिने आभाळ भरलेलं, त्यात तेही कठीण. डी कमी असेल तर कितीही मांदेली खा, आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही. सतत अंग दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही रक्ताची टेस्ट करा. आणि हात जोडून सांगते, व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटची पावडर मेडिकलमधून आणून मित्राने घेतली म्हणून आपणही महिनोन्महिने घेऊ नका, ते चरबीत विरघळणारं आहे, साठत जातं, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. डॉक्टरांनी दिलंच तर रिकाम्या पोटी नको, जेवणाबरोबर घ्या, काकूंच्या तळलेल्या मांदेलीबरोबर घेतलं तरी चालेल.

महिन्याचे दोन वेळचे ३५००, एकवेळचे २०००, डबा पण मिळतो. डब्यात मांदेली मऊ पडते त्यामुळे शक्यतो तिथेच बसून जेवा. रविवारी रात्री बंद. नाचणीची भाकरी लवकर संपते, एकच्या आत पोचा किंवा सकाळीच काकूंना सांगून ठेवा, त्या बाजूला काढून ठेवतात.