बारीक कुत्र्याला कशाचे गोळे वळून द्यावेत: अंडं-रताळं की शेंगदाणा?

मैत्रिणीच्या लॅब्राडोरच्या बरगड्या मोजता येतात, म्हणून ती या दोन्हींत अडकलीये. आधी जंताचं औषध झालंय ना? नाहीतर खाऊ जंतांनाच पोसेल.

उष्मांकात शेंगदाणा सरस: १०० ग्रॅमला ५५० च्या वर, उकडलेल्या अंड्याला जेमतेम १५५. पण तेल जास्त, नाजूक पोटाला जुलाब होऊ शकतात. अंडं-रताळं उकडून कुस्करलं की गोळे झाले. पचायला हलके, फक्त फ्रिजमध्येही दोन दिवसांत संपवावे लागतात. बिनमिठाच्या कुटात भाजलेले ओट्स घालून केलेले लाडू आठवडाभर टिकतात. मनुका मात्र कशातच नको, कुत्र्याला विषारी.

आजारातून उठलेल्याला किंवा म्हाताऱ्याला अंडं-रताळं. धडधाकट, दिवसभर हुंदडणाऱ्याला शेंगदाणा, तोही रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत.