आठ महिने वापरलं. तक्रार एका करड्या अक्षराची

या डिक्शनरी ॲपचे ७९९ रुपये जानेवारीत माझ्या खात्यातून गेले. सात दिवस फुकट होतं, आठव्या दिवशी कापले. तारीख लक्षात ठेवायची राहिली, ती चूक माझी. पण गेलेच आहेत तर पुरते वसूल करायचे, या हट्टाने आजतागायत एक दिवस खाडा केलेला नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही. मेल वाचताना शब्दावर बोट ठेवलं की मराठी अर्थाची चौकट उघडते, त्या जातीचं आहे, एवढं पुरे.

मी मकरपुरा जीआयडीसीत एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात एक्स्पोर्टचे कागद बघते. शिक्षण बडोद्यातच, मराठी माध्यमात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग झोपेतही करीन. घाम फुटतो तो गिऱ्हाइकाच्या मेलमधल्या एखाद्या ओळीने. इंग्लंडच्या साहेबाने लिहिलं, ड्रॉइंग 'बाय क्लोज ऑफ प्ले' पाठवा. 'क्लोज'वर बोट ठेवलं: बंद, जवळ. 'प्ले'वर ठेवलं: खेळ, नाटक. घरी बाबांना विचारलं. बाबा इंग्रजीचे निवृत्त मास्तर, त्यातून मोतीबागेच्या क्रिकेट मैदानावर उन्हं खाल्लेले. म्हणाले, "अगं, क्रिकेट! दिवसाचा खेळ संपेपर्यंत. आज ऑफिस सुटायच्या आत पाठव म्हणतोय." तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते.

तर पहिली तक्रार हीच, की एका बोटाला एकच शब्द. 'पुट अप विथ'मधल्या 'पुट'वर बोट ठेवलं की ठेवणे, घालणे, मांडणे अशी वरात निघते आणि सहन करणे कुठेच नाही. मी कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, 'प्लीज बेअर विथ अस'. त्यांच्याच उत्तरातल्या 'बेअर'वर त्यांचंच ॲप चालवलं. पहिला अर्थ: अस्वल. स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर अजून उत्तर नाही. तेव्हा दोन तारे दिले होते आणि चार ओळी जरा तिखटच लिहिल्या होत्या.

त्यातली निम्मी तिखट मागे घेते. मे महिन्यात भाचा सुट्टीला आला आणि म्हणाला, "मावशी, बोट दाबून ओढ ना." पहिल्या शब्दावर बोट दाबून धरायचं, शेवटच्या शब्दापर्यंत ओढायचं, की सबंध वाक्प्रचार उघडतो! हे ॲपमध्ये कुठेही लिहिलेलं नाही, कस्टमर केअरनेही सांगितलं नाही. चार महिने मी एकेका शब्दाला टोचत बसले होते.

ओढायला लागल्यापासून मजा आली. एका गिऱ्हाइकाच्या मेलमधलं 'रेन चेक' उघडलं. हे अमेरिकेतल्या बेसबॉलचं. पावसाने सामना धुतला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्याची चिठ्ठी मिळायची. म्हणजे गिऱ्हाईक नाही म्हणत नव्हतं, आत्ता नको म्हणत होतं. 'स्टिकी विकेट'ही निघालं, फक्त 'अडचणीची स्थिती' एवढंच लिहून. त्यात जीव बाबांनी घातला. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत, पावसावर ऊन पडलं की ती सुकता सुकता चिकट व्हायची आणि चेंडू कसाही उसळायचा. शिवाय इथे अर्थ सबंध वाक्यात सांगतात: तुम्ही एखादी गोष्ट 'पुट अप विथ' करता, म्हणजे ती आवडत नसूनही चालवून घेता. ही पद्धत बर्मिंगहॅमच्या कोशकारांनी १९८७ मध्ये रुळवली, असं बाबा सांगतात. त्याचं मोल मला मोठं वाटतं, कारण नुसतं 'सहन करणे' वाचून तो शब्द वाक्यात कसा बसवायचा ते मला कळलं नसतं. इथे चार तारे झाले होते.

मग जुलैत 'टेबल' आलं.

इंग्लंडच्याच साहेबाने लिहिलं, सुधारित किमती आम्ही गुरुवारच्या कॉलमध्ये 'टेबल' करू इच्छितो. मी नीट ओढून बघितलं. पहिला अर्थ: चर्चा पुढे ढकलणे. शेठना सांगितलं, किमतींचा विषय पुढे गेला, कॉस्टिंग आत्ता नको. गुरुवारी कॉल सुरू झाला आणि साहेबाने पहिल्याच मिनिटाला कॉस्टिंग मागितलं. शेठ माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बेन, आ तो ऊंधुं थई गयुं."

खरंच उलटं झालं होतं. अमेरिकेत 'टेबल' करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं, इंग्लंडात म्हणजे चर्चेला मांडणं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले आणि मग कळलं की दोघांना एकच हवंय, हे खुद्द चर्चिल यांनी लिहून ठेवलंय. आणि ॲपला हे माहीत होतं! दुसरा अर्थ खाली होता, 'आणखी' या बाणाच्या आत. दोन्ही अर्थांपुढे एकेक अक्षर: 'अ' आणि 'ब्रि'. इतक्या बारीक करड्या रंगात, की मी चष्मा लावूनही ते स्क्रीनवरचा डाग समजले. जाहिरातीचं बटण मात्र भगवं, अंगठ्याएवढं.

या अक्षरासाठी मी आतापर्यंत पाच मेल केले आहेत. घरचे हसतात. पण शब्द कुठल्या देशातून आलाय हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ घ्यायचा कसा? 'मूट पॉइंट'चं तेच. इंग्लंडात वादाचा मुद्दा, अमेरिकेत बोलून उपयोग नाही असा मुद्दा. सयाजीराव महाराजांच्या बडोद्याने १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषांत छापला. इथे दोन देश वेगळे दाखवायला काळी शाई मिळत नाही.

हल्ली मी आधी मेलच्या खालची सही बघते, पत्ता लीड्सचा की ओहायोचा. मग शेजारचे शब्द. 'टेबल'पुढे 'अंटिल' म्हणजे अमुक वारापर्यंत असं असेल तर बहुधा ढकलायचं असतं, अमुक वारच्या कॉलमध्ये असं असेल तर बहुधा मांडायचं. एवढं झाल्यावर ॲप उघडते, बाण दाबते, चष्मा पुसते.

तर सध्या तीन तारे. ऑटो-डेबिट बंद केलंय. मुदत जानेवारीपर्यंत आहे, तोवर रोज वापरणार. सहावा मेल लिहून तयार आहे, बाबा स्पेलिंग तपासतायत.