प्रेमकथा लेखनाची दोन दिवसांची कार्यशाळा, इंदूर: पाचपैकी चार स्टार

दीड वर्षात तीन प्रेमकथा लिहिल्या आणि तिन्ही परत आल्या, त्यातल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी निदान कारण तरी कळवलं की भाषा छान आहे पण या दोघांचं प्रेम पटत नाही. फार लागलं ते मला, कारण ती कथा लिहिताना मी स्वतः रडले होते. त्यामुळे डिसेंबरात आपल्या इंदुरातच ही कार्यशाळा आहे असं वहिनीकडून कळल्यावर त्याच दिवशी पैसे भरले, 1800 रुपये, चहा-नाश्ता-जेवण त्यातच.

जागा राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर, एका जुन्या वाड्याचा वरचा मजला, खाली सतरंज्या आणि मागे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी चार-पाच खुर्च्या. सकाळी पोहे-जलेबी, जीरावन, म्हणजे वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला, वेगळ्या वाटीत ठेवलेला, जेवण साधंच पण गरम. शिकवायला एक निवृत्त संस्कृतच्या प्राध्यापक बाई, आवाज बारीक, माईक वापरत नाहीत, तरी पहिल्या तासानंतर कोणी मोबाईल काढला नाही.

कारण त्यांनी सुरुवातच गाथासप्तशतीतल्या एका गाथेने केली. सातवाहन राजा हालाच्या नावावरचा महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह, म्हणजे आपल्याच भाषेची पणजी म्हणा ना, आणि गाथा अशी की पाणपोईवर एक वाटसरू ओंजळीने पाणी पितोय, नजर वर, तिच्याकडे, आणि पिणं लवकर संपू नये म्हणून त्याने बोटं विरळ केलीयत. आणि ती पाणी ओतणारी मुलगी, तिची धार आधीच बारीक, ती आणखी बारीक करते. संपली गाथा. बाई म्हणाल्या, यात प्रेम हा शब्द कुठे आहे दाखवा. आम्ही सगळे गप्प. मग म्हणाल्या की बघा, तो एकटाच बोटं विरळ करून थांबला असता तर ती नुसती त्याची लबाडी झाली असती, तिने धार बारीक केली तिथे गोष्ट झाली. मी वहीत हे दोनदा लिहिलं. माझ्या तिन्ही कथांत एकाचीच बोटं विरळ होती, समोरची व्यक्ती फक्त सुंदर दिसत उभी होती.

मग भरतमुनींचा नाटकावरचा जुना संस्कृत ग्रंथ, नाट्यशास्त्र, काढलं. मला वाटलं आता कंटाळा येणार, पण तसं झालं नाही. शृंगाराचा, म्हणजे प्रेमाच्या रसाचा, स्थायीभाव (मुळाशी टिकून राहणारी भावना) रती, तो आतला, दिसत नाही, दिसतो तो अनुभाव, म्हणजे अंगातून आणि कृतीतून जे बाहेर पडतं ते. व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन-जाऊन असणारे भाव, एकूण 33, आणि भरतमुनी म्हणतात की शृंगारात तीन भाव सोडून बाकी सगळे चालतात. शंका चालते, असूया चालते, चिंता, लाज, अगदी ग्लानीसुद्धा. चालत नाहीत ते आळस, उग्रपणा आणि जुगुप्सा, म्हणजे किळस. मी हे ऐकून अक्षरशः ताठ बसले. आजकाल कितीतरी कथांत नायक नायिकेचा हात पिरगळतो आणि ते उत्कट प्रेम म्हणून खपवलं जातं, मला ते कधीच पटलं नव्हतं पण का ते सांगता येत नव्हतं.

पहिल्या रात्रीचा गृहपाठ सगळ्यात भारी. सराफ्यात जा, कोणतंही जोडपं बघा, आणि फक्त हात लिहून आणा, चेहरा नाही, भावना नाही. सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याचे ठेले लागले होते, थंडी मस्त, मी गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) ठेल्याजवळ उभी राहिले. साठीच्या आसपासचे एक काका-काकू. काकांच्या हातात द्रोण, मसाला एका बाजूला जास्त पडलेला, ते बोलता बोलता द्रोण फिरवत होते म्हणजे कमी तिखट बाजू काकूंकडे यावी, आणि काकू दर वेळी हात लांब करून पलीकडचाच मसाल्याचा तुकडा उचलत होत्या. काकांच्या वाटचं तिखट काकांना खाऊ द्यायचं नाही म्हणून. दोघांनी एकमेकांना एक शब्द म्हटला नाही त्यावर. मी तिथेच मोबाईलवर टाईप करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माझी कथा वाचली. बाईंनी विचारलं, तुझा समीर दोन पानं वैदेहीसाठी झुरतो, पण तो उठत का नाही गं? हा आळस झाला. आणि तिच्या जागी दुसरी कोणी सुंदर मुलगी बसवली तर तुझं एक तरी वाक्य बदलावं लागेल का? नव्हतं लागणार. घरी येऊन पुन्हा लिहिली. आता वैदेहीच्या आईचं डायलिसिस दर मंगळवारी असतं आणि समीर तिला काही न सांगता तिथे गाडी घेऊन हजर असतो, वैदेहीला वाटतं सहज मोकळा असेल, आणि खूप नंतर तिला त्याच्या दुकानाच्या पाटीवर ‘सोमवार बंद’ वर रंग मारून ‘मंगळवार बंद’ लिहिलेलं दिसतं. आणि मग ती काय करते, ते लिहायला मला आठवडा लागला.

शेवटाबद्दल पण एक गोष्ट मिळाली. विरह आणि करुण, म्हणजे शोकाचा रस, यात फरक इतकाच की विरहात भेटीची आशा शिल्लक असते, करुणात नसते. मी शेवटी समीरला कॅनडात पाठवून सगळे दोर कापले होते, म्हणजे वाचकाला विरह द्यायला निघाले आणि हातात शोक ठेवला. आता तो जातच नाही.

एक स्टार का कापला ते सांगते. पंचवीस जण फार झाले, प्रत्येकाच्या कथेला जेमतेम दहा मिनिटं, मागच्या दोघींची राहिलीच. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुस्तक प्रकाशनावर बोलायला एक पाहुणे आले, त्यांनी दीड तास स्वतःची पॅकेजेस सांगितली, तो वेळ बाईंना द्यायला हवा होता. लेखी अभिप्राय पंधरा दिवसांत म्हणाले होते, माझा आला दीड महिन्याने, पण आला तो चार पानी आणि प्रत्येक पानावर पेन्सिलच्या खुणा.

पुढची बॅच उन्हाळ्यात आहे म्हणतात. कथा पूर्ण लिहूनच जा, नुसती कल्पना घेऊन गेलात तर दुसरा दिवस हातचा जाईल, आणि शक्यतो पुढे बसा. गाडी राजवाड्याच्या बाजूलाच कुठे लावून चालत या, त्या गल्लीत स्कूटरसुद्धा वळत नाही.