माग, कांतेले की काउस्तिनेन: फिनलंडमध्ये लोककला शिकायची तर कुठे नाव घालावं?

हेलसिंकी, एस्पो, वांता या पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी मंडळींकडून उन्हाळा संपत आला की एक विचारणा हमखास होते: इथलं पारंपरिक काहीतरी शिकायचंय, चार स्थानिक माणसंही ओळखीची व्हायला हवीत, तर कुठे जावं? पर्याय भरपूर आहेत, आणि गोंधळ नेमका त्यामुळेच होतो. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. माणसं जोडायची असतील तर दर आठवड्याला भरणारा, हाताला काम देणारा वर्ग घ्या. उत्सव बघायला जरूर जा, पण उत्सवातून ओळखी होतील ही अपेक्षा ठेवू नका. फिनिश माणूस अनोळखी व्यक्तीशी हवापाण्याच्या गप्पा मारायला सहसा येत नाही. तुमचा धागा तुटला, तर मात्र न बोलावता शेजारी येऊन बसतो.

सुरुवात ओपिस्तोपासून करू. कान्सालाइसओपिस्तो म्हणजे प्रौढांसाठीचं शिक्षणकेंद्र, बहुतेक ठिकाणी पालिकेचं. परीक्षा नाही, पदवी नाही, वयाची अट नाही. यातलं पहिलं केंद्र 1899 साली ताम्परेत कामगारांसाठी निघालं. गिरण्यांचं शहर होतं ते. आज देशभरात अशी 180 च्या आसपास केंद्रं आहेत. सरकारी अनुदान असल्यामुळे एका सत्राचं शुल्क, विषय आणि तास पाहून, साधारण शंभर युरोंच्या आतबाहेर राहतं. साहित्याचा खर्च वेगळा. बेरोजगार, विद्यार्थी आणि निवृत्तांना बऱ्याच ठिकाणी सवलत मिळते, ती विचारून घ्या.

ओपिस्तोच्या यादीत लोककलेचे वर्ग ढिगाने असतात, पण मला विचाराल तर सगळ्यात आधी विणकामाचा वर्ग बघा. मोठ्या खोलीत लाकडी माग ओळीने मांडलेले असतात, एकेक माग छोट्या पलंगाएवढा. बऱ्याच वर्गांत ताणा, म्हणजे मागावर ताणून बांधलेले उभे धागे, सामायिक असतो. शिक्षिका एका मागावर लांबलचक ताणा चढवते आणि त्यावर आधी एकजण आपली सतरंजी विणते, मग दुसरी, मग तिसरी. तुमचं काम जिथे संपतं तिथे पुढच्या बाईचं सुरू होतं. त्यामुळे ताण सैल सोडून जाणं, कडा आत ओढली जाणं ही फक्त तुमची चूक राहत नाही. पुढचीला ती निस्तरावी लागते, आणि या एकाच कारणाने अबोल खोलीत बोलणं सुरू होतं. आधी आकडे, कारण पायाने दाबायच्या पावड्यांना क्रमांक असतात. मग रंग. मग घट्ट, सैल, पुन्हा एकदा. भाषेच्या वर्गात जे शब्द डोक्यात टिकत नाहीत, ते पाय पावडीवर असताना पक्के बसतात.

इथली सगळ्यात घरगुती वस्तू म्हणजे चिंध्यांची सतरंजी. जुन्या चादरी, शर्ट, परकर असं काहीही बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत कापायचं, पट्ट्या धोट्यावर गुंडाळायच्या आणि जाड सुती ताण्यातून फिरवायच्या. फणी जोरात आपटायची, दोनदा. हलक्या हाताने ठोकलेली सतरंजी पहिल्या धुण्यातच विसकटते. मी आईच्या मऊ झालेल्या सुती साड्या फाडून नेल्या होत्या. हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल त्या करड्या-निळ्या खोलीत उलगडला तेव्हा शेजारच्या आजींनी पट्टी हातात घेऊन कापड कुठलं, किती जुनं, नेसायचं कसं, सगळं विचारून घेतलं. तोवर आमचं बोलणं नमस्काराच्या पुढे गेलेलं नव्हतं. उन्हाळ्यात अशा सतरंज्या घराबाहेर काढून पाइनच्या साबणाने घासायच्या, हा इथला जुना रिवाज. हेलसिंकीत समुद्रकाठी त्यासाठी खास धक्के बांधलेले आहेत.

अडचणीही सांगायला हव्यात. माग घरी आणता येत नाही, म्हणजे सराव फक्त तिथे, ठरलेल्या वेळेत. मागांची संख्या मोजकी, त्यामुळे जागा झटकन भरतात. शिकवणं मुख्यतः फिनिशमध्ये; हेलसिंकीच्या आर्बिस या केंद्रात स्वीडिशमध्ये. इंग्रजीतले वर्ग असतात, पण विणकामाचा तसा वर्ग मिळेलच असं नाही. माझ्या मते भाषेच्या भीतीने विणकाम टाळू नका. डोळ्यांनी शिकायची कला आहे ती.

सत्रभर अडकून पडायचं नसेल, तर नाताळाच्या आधी शनिवार-रविवारचे हिम्मेलीचे, म्हणजे काड्यांच्या टांगत्या सजावटीचे, वर्ग निघतात. राईच्या पोकळ काड्या सारख्या लांबीच्या कापायच्या, त्यांतून सुईदोरा ओवायचा आणि 12 काड्यांचा अष्टफलक बांधायचा. त्याला दुसरा जोडायचा, त्याला तिसरा. छताला टांगलं की माणसाच्या नुसत्या चालण्याने ते फिरू लागतं. हा वर्ग स्वस्त आणि सोपा आहे, लहानसं काहीतरी घरी नेल्याचं समाधानही देतो. मात्र दोन दिवसांत माणसं सुटी होतात. चाचपणीसाठी ठीक, ओळखीसाठी नाही.

राष्ट्रीय पोशाखाचा वर्ग याच्या बरोबर उलटा. प्रांताप्रांताचे पोशाख ठरलेल्या नमुन्यांनुसार, बराचसा भाग हाताने शिवून करायचे असतात. काम एका वर्षात संपेल असं धरून चालू नका. असा पोशाख विकत घ्यायचा तर हजार युरोंच्या वर सहज जातो, म्हणून शिकून शिवणाऱ्यांची संख्या बरीच आहे. इथे कायमचं राहायचं ठरलेल्यांनीच या वाटेला जावं.

आता संगीत. कांतेले हे मांडीवर किंवा टेबलावर ठेवून छेडायचं तंतुवाद्य. 1835 साली एलियास ल्योनरोत यांनी लोकगीतांतून सिद्ध केलेल्या कालेवाला या महाकाव्यात नायक वैनामोइनेन पहिलं कांतेले मोठ्या माशाच्या जबड्याच्या हाडापासून घडवतो. नवशिक्याला मिळतं ते पाच तारांचं. त्या तारा सहसा ज्या क्रमाने लावतात तो आपल्या कानाला सरळ सा रे ग म प असा लागतो; मधली तार किंचित उतरवली की कोमल गंधार. पेटी किंवा सतार थोडीफार शिकलेल्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी एखादी चाल वाजवता येते, हा आपल्या पदरात पडणारा मोठा फायदा. आवाज इतका मृदू की रात्री उशिरा वाजवलं तरी शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. इथल्या इमारतींतले शांततेचे नियम माहीत असणाऱ्यांना त्याची किंमत कळेल. काही ग्रंथालयं पुस्तकांसारखी वाद्यंही घरी देतात, तेव्हा विकत घेण्याआधी तिथे चौकशी करा.

माग आणि कांतेले यांत निवडायचं तर प्रश्न असा ठेवा: तुम्हाला घरी बसून करायला काही हवंय की घराबाहेर पडायला निमित्त हवंय? कांतेले घरचा एकांत सुंदर करतं. माग तुम्हाला घरातून उठवतो. इथल्या नोव्हेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधारून येतं, आणि नवीन आलेल्या माणसाला बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीची गरज जास्त असते. एकट्याने राहणाऱ्या, कामही घरूनच करणाऱ्या कुणी विचारलं तर मी माग सांगते.

लोकनृत्याचे गट, म्हणजे तान्हु, हा तिसरा रस्ता. पोल्का, पोल्स्का, येंक्का यांसारखी नृत्यं, जोडीने आणि वर्तुळात. भाषा जवळजवळ लागत नाही, घाम भरपूर निघतो आणि जोडीदार सतत बदलत असल्याने एका संध्याकाळीच सगळ्यांचे हात हातात येऊन जातात. असा स्पर्श कुणाला अवघड वाटत असेल तर आधी एक तालीम बघून यावी. एक लक्षात घ्या: हे वर्ग कमी आणि संघ जास्त. नियमित तालमी, उन्हाळ्यात कार्यक्रम, पोशाखाची जबाबदारी. मध्येच सुट्टी काढून महिनाभर पुण्याला गेलात तर आठ जणांची रचना मोडते. डिसेंबर-जानेवारीत हमखास भारतात जाणाऱ्यांनी याचा विचार करूनच होकार द्यावा.

स्वयंपाकाची ओढ असेल तर दोन संस्था. मार्था संघटना 1899 पासून घरकाम, स्वयंपाक, बागकाम शिकवते. सभासद होणं स्वस्त आहे, स्थानिक गट छोटे आहेत आणि शरद ऋतूत जंगलात अळंबी ओळखायला त्यांच्याबरोबर जाणं हे एकट्याने जाण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. दुसरी कार्याला संघटना, आणि तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात कार्याला प्रांताचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून अधिक माणसं घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. 1940 साली त्यांच्यासाठी ही संघटना उभी राहिली. हेलसिंकीच्या काप्युला भागात तिचं सभागृह आहे. कार्यालानपीराक्का, म्हणजे भात भरलेला राईच्या पारीचा पदार्थ, करायला शिकवणाऱ्या बायका अनेकदा त्याच विस्थापितांच्या लेकी किंवा नाती असतात. राईच्या पिठाची पारी इतकी पातळ लाटतात की खालचा ओटा दिसावा. त्यावर दुधात शिजवलेला घट्ट भात पसरून कडा दोन्ही बाजूंनी आत घेतात आणि बोटांच्या चिमटीत चुण्या घालतात. मोदकाच्या कळ्या जमतात त्या हाताला हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस जमून जातं. कडकडीत तापलेल्या भट्टीतून काढल्यावर त्यांवर लोणी फासून फडक्याखाली झाकतात, म्हणजे कड मऊ पडते. शाकाहारी मंडळींनी सारणात अंडं आहे का ते विचारावं, काहीजण घालतात. वर लावायचं लोणी मात्र उकडलेलं अंडं कुस्करूनच केलेलं असतं, ते टाळून नुसतं लोणी घ्यावं.

या सगळ्यांच्या समोर काउस्तिनेन ठेवायचं. मध्य ऑस्त्रोबोथ्नियातलं हे छोटं गाव. 1968 पासून दर जुलैत तिथे लोकसंगीताचा महोत्सव भरतो. गावातली व्हायोलिनची परंपरा अडीचशे वर्षांहून जुनी, कानाने ऐकून पुढे गेलेली, लग्नाच्या वरातीत आणि नाचात वाढलेली. 2021 साली युनेस्कोने तिची मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. व्हायोलिनच्या साथीला पायपेटी आणि उभा मोठा बास असतो आणि वाजवणाऱ्यांचे पाय जमिनीवर ठेका धरतात. हेलसिंकीहून कोक्कोलापर्यंत रेल्वेने सुमारे चार तास, तिथून पुढे रस्त्याने आणखी पन्नासेक किलोमीटर. राहण्याची सोय फार आधीपासून बघावी लागते. खर्चाच्या बाबतीत हा सगळ्यात महाग पर्याय, सत्रभराच्या दोन-तीन वर्गांचे पैसे एका आठवड्यात जातात.

तरीही घरात व्हायोलिन धरू लागलेलं मूल असेल तर माझा सगळा आधीचा सल्ला बाजूला ठेवा आणि इथेच जा. माउनो यार्वेला यांनी रुजवलेली नाप्पारित ही पद्धत मुलांसाठी आहे. एकाच धुनेचे सोपे-अवघड असे वेगवेगळे भाग बसवतात. आज तारेवर बोट ठेवायला शिकलेलं पोर दोनच सूर वाजवतं, तयार मुलगी मुख्य चाल वाजवते, आणि दोघं एकाच मंचावर, एकाच वेळी, शेकडो मुलांबरोबर असतात. आधी तयार हो, मग मंचावर ये, असं तिथे कुणी म्हणत नाही. गाण्याच्या परीक्षांना बसलेल्या आपल्या मुलांसाठी मला हे फार मोलाचं वाटतं. आईबापांच्याही ओळखी तिथे होतात, कारण दिवसभर सगळे वाद्यांच्या पेट्या सांभाळत एकत्रच बसलेले असतात. मोठ्यांसाठी मात्र तो बहुतांशी ऐकायचा आठवडा.

राहिले नुसते बघण्याचे सोहळे. 28 फेब्रुवारी हा कालेवाला दिन. जूनमध्ये युहान्नुसच्या, म्हणजे मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या, पूर्वसंध्येला हेलसिंकीच्या सेउरासारी बेटावर, जुन्या लाकडी घरांच्या संग्रहालयात, 1954 पासून होळ्या पेटवतात. नृत्यं होतात, पोशाख दिसतात, पाण्यालगतची मोठी होळी बघण्यासारखी असते. तिकीट काढावं लागतं, गर्दी असते आणि जूनअखेर असूनही जाड स्वेटर लागतो. भारतातून आईवडील आले असतील तर हाच पर्याय निवडा. त्या दिवशी दुकानं लवकर बंद होतात आणि बसगाड्या कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच पाहून ठेवा.

अजूनही मन ठरत नसेल तर मी सुचवते तो क्रम असा: नोव्हेंबरात हिम्मेलीचा एक शनिवार-रविवार, तो आवडला तर जानेवारीच्या सत्रात माग. शरद सत्राची नावनोंदणी बहुधा ऑगस्टमध्ये आणि वसंत सत्राची डिसेंबरच्या सुमारास उघडते. नेमकी तारीख आपापल्या ओपिस्तोच्या संकेतस्थळावर बघावी आणि त्या सकाळी वेळेवर बसावं. जागा भरल्या असतील तर प्रतीक्षायादीत नाव जरूर घाला, पहिल्या आठवड्यांत गळती होते. आणि साडी नेणार असाल तर सुतीच न्या, जरीचे काठ घरीच कापून ठेवून.