सेसना १७२: कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन की इंजेक्शनचं नवं?

उड्डाणाचे तास भरण्यासाठी सेसना १७२ या छोट्या विमानाचं जुनं, कार्ब्युरेटरवालं १७२एन घ्यावं की नवं, इंजेक्शनवालं १७२एस, असा पेच नवशिक्या वैमानिकांना पडतो. एकच इंजिन असल्यामुळे मी आधी पाहतो ते एवढंच: ते कशानं बंद पडू शकतं?

जुन्या इंजिनाचा खरा शत्रू बर्फ. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि इंधन मिसळणारा भाग. त्याच्या अरुंद गळ्यात इंधनाची वाफ होताना तापमान २० अंशांहून जास्त उतरू शकतं. त्यामुळे बाहेर २० अंश असले तरी दमट हवेत, विशेषतः थ्रॉटल (इंजिनाची ताकद) कमी करून उतरताना, आत बर्फ साचतो. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, हळूहळू घसरतात. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब, ओढली की ते आणखी पडतात, बर्फ वितळताना इंजिन खडखडतंही. इथेच घाबरून नॉब परत आत ढकलला जातो. कृपा करून तसं करू नका, थोडा धीर धरा, आरपीएम वर येतील.

इंजेक्शनमध्ये, म्हणजे नोझलमधून इंधन थेट सिलिंडरपाशी फवारणाऱ्या इंजिनात, ही भीती जवळपास नाही. मात्र बारीक नोझल कचऱ्यानं तुंबतात, गरम इंजिन पुन्हा सुरू करताना वाफ त्रास देते आणि इंधन पंपावर अवलंबून राहावं लागतं. एनमध्ये पंपच नाही, पंखांतल्या टाक्यांमधून इंधन आपसूक उतरतं. हा साधेपणा मला फार मोलाचा वाटतो.

ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन्हींत दोन, पण एनमध्ये ते एकाच खोक्यात, एकाच दांड्यावर फिरतात. इंधनातलं पाणी दोघांनाही सारखंच घातक.

पावसाळी, दमट भागात उडायचं असेल तर एस घ्या. खर्च आटोक्यात हवा आणि कार्ब हीटची सवय हाडीमाशी भिनवायची तयारी असेल तर एन चालेल.