शनिवारची श्रवण-बैठक, विश्रामबाग
वडिलांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यापासून आम्ही सांगलीत विश्रामबागेतील एका सभागृहात दर शनिवारी भरणाऱ्या, श्रवणदोष असलेल्यांच्या मोफत बैठकीला जात आहोत. श्रवणयंत्राच्या झिंक-एअर सेलवरील रंगीत चिकटपट्टी काढल्यावर हवा आत जाण्यासाठी तो मिनिटभर तसाच ठेवायचा असतो, ही साधी गोष्ट यंत्र विकणाऱ्याने आम्हाला कधीच सांगितली नव्हती. ती येथे एका निवृत्त शिक्षिकेने स्वतःच्या कानातील यंत्र काढून, तपकिरी पट्टीचा ३१२ क्रमांकाचा सेल बदलून दाखवली. बोलणाऱ्याने चेहऱ्यावर उजेड राहील असे बसावे आणि तोंडासमोर हात धरू नये, हा नियम तेथे कटाक्षाने पाळला जातो (घरी आम्ही मात्र अजून स्वयंपाकघरातूनच हाका मारतो). २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्याचा व यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) ऑनलाइन अर्ज भरण्यासही स्वयंसेवक मदत करतात. गैरसोय एकच, पण मोठी आहे: छप्पर पत्र्याचे असल्याने जोराचा पाऊस आला की यंत्रातून केवळ खडखडाट ऐकू येतो आणि त्या दिवशीची बैठक फळ्यावर लिहूनच चालवावी लागते.